मोठ्या पेटीचा नवस

‘‘मी गाताना माझ्याकडे बघू नकोस, सेवू. तू आपली बोटांकडे बघ. माझा श्वास तुला पाठीतून कळेल.’’

कातरीनचा तो तरुण स्वर, थोडा गर्द, थोडा हट्टी, दवानं जड झालेल्या सोनचाफ्यासारखा. माघातल्या एखाद्या सकाळी तो अजूनही सेवरीनच्या पाठीवरून हात फिरवून जातो. फुलांची परडी हातात तशीच धरून सेवरीन मग उभी राहते. मागे वळून बघत नाही. वळलं की स्वर विरतो, हे तिला ठाऊक आहे.

माघातला प्रकाश केळीच्या पानांतून गाळून येतो. हिरवा होऊन येतो, मृदू होऊन येतो. पानवेलीच्या मांडवावर क्षणभर टेकतो, आणि मग वाडीतल्या गोड्या तळ्यात, त्या निश्चल, शेवाळश्यामल बावखलात, पाऊल न वाजवता उतरतो. सारी वाडी तेव्हा प्रार्थनेआधीच्या ओठांसारखी होते. मिटलेली, आणि आतून हलणारी.

वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या आणि दर्याच्या मधोमध, दीपमाउलीचं देऊळ उभं आहे. कागदोपत्री ते चर्च. गावाच्या जिभेवर देऊळच. शुभ्र, शीतल, शिंपल्याच्या पोटासारखं. चारशे वर्षांचा खारा वारा त्याच्या चुन्यात मुरून बसला आहे. भिंतीला गाल लावला तर गालावर मीठ उतरतं.

आणि देवळाच्या आत, महाद्वाराच्या वर, गाणाऱ्यांच्या लाकडी माळ्यावर, ती. मोठी पेटी. शिकलेले लोक तिला ऑर्गन म्हणतात. तिचे नळे रांगेनं उभे आहेत, काही करंगळीएवढे, काही ताडाच्या खोडाएवढे. रुपेरी, ऋजू, व्रतस्थ. भात्यातला वारा नळ्यांत चढतो आणि सूर होतो. वारा तोच, जो बाहेर होड्यांची शिडं फुगवतो. आत आला की गुडघे टेकतो.

त्या पेटीवर एके काळी सेवरीनचे हात होते. आणि पेटीशेजारच्या कठड्याला टेकून उभा असायचा कातरीनचा गळा.

दोघी बहिणी. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या कातरीननं धाकटीची वेणी घातली, धाकटीचा पहिला घास भरवला, धाकटीला क्रूसाची खूण करायला शिकवलं. ‘‘हिला टाकून मी कुठे नांदायला जाऊ?’’ म्हणत कातरीन तशीच राहिली. आणि मग, ‘‘बायला टाकून मी कुठे जाऊ?’’ म्हणत सेवरीनही. बाय म्हणजे थोरली बहीण. पण सेवरीनच्या तोंडी त्या एका शब्दात आई होती, बाप होता, घराचं छप्परही होतं.

रविवारच्या मिस्साला, देवळातल्या मोठ्या प्रार्थनेला, एक वाजवी, एक गाई. एकीच्या बोटांखालून पाणी वाहे, दुसरीचा कंठ त्यावर होडी सोडी. कोण कोणाला वाहून नेतं, हे खाली बसलेल्या गावाला कधी कळलं नाही. दोघींनाही कळलं नाही. कळायची गरजच नव्हती.

विशेषतः दिव्यांच्या सणाला.

फेब्रुवारीच्या आरंभी दीपमाउलीचा सण येतो. देवळातले सगळे दिवे त्या दिवशी मालवतात. माणसामाणसाच्या हातात एकेक मेणबत्ती, न पेटलेली. वेदीवर एकच ज्योत. मग दिव्याच्या गाण्याची पहिली ओळ एकच गळा एकटा गातो, आणि ती ओळ पुरी झाल्यावरच वेदीवरची ज्योत खाली उतरते, मेणबत्तीकडून मेणबत्तीकडे, हाताकडून हाताकडे. ओळ उठल्याशिवाय ज्योत हलत नाही. ही त्या गावाची रीत. कुणी घालून दिली ते कुणाला आठवत नाही, आणि मोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. ती पहिली ओळ कातरीनची होती.

मग एका आश्विनात कातरीनला ताप आला.

तो ताप उतरेना. अंगाची काहिली, डोळ्यांत धूर, ओठांवर कोरडी साल. इस्पितळातल्या डॉक्टरांनी हातातली नळी गळ्यात अडकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘घरच्यांना बोलावून घ्या.’’ घरचं म्हणजे कोण? सेवरीन. ती तर तिथंच उभी होती.

त्या संध्याकाळी ती धावत देवळात आली. देऊळ रिकामं होतं. माउलीच्या पायाशी तिनं कपाळ टेकलं. काय देऊ? तिनं स्वतःला चाचपून बघितलं. अंगावर सोनं नव्हतं. उपास ती एरवीही करीत होती. तळहाताएवढ्या आयुष्यात तिच्याजवळ किमतीचं असं एकच होतं.

‘‘बायला ठेव, माउली. मी पुन्हा मोठ्या पेटीला हात लावणार नाही.’’

नवस बोलून दाखवला की त्यातलं पुण्य सांडतं, असं त्या गावात मानतात. म्हणून सेवरीननं तो ओठांच्या आत ठेवला. शिंपल्यानं मोती मिटून घ्यावा, तसा मिटून घेतला.

आणि कातरीन वाचली.

नाताळाच्या सुमारास ती काठी टेकत देवळात आली. माळ्याचा जिना चढली. कठड्याला टेकली. आणि पेटीवर बघते तो सेवरीन नाही. शाळेतले एक मास्तर बसलेले. सेवरीन खाली, सगळ्यांत मागच्या बाकावर, मान खाली घालून.

‘‘काय गं, खाली का बसलीस?’’

‘‘बोटं दुखतात, बाय.’’

कातरीन गायला लागली. तापानं तिच्या कंठात राख सांडली होती. स्वर निघाला तो खरबरीत, काळवंडलेला, मध्येच तुटणारा. तिनं खाली बघितलं. सेवरीन रडत होती. आनंदानं रडत होती. तिची बाय जिवंत उभी होती, श्वास घेत होती, गात होती. पण वरून आनंदाचे अश्रू आणि लाजेचे अश्रू सारखेच दिसतात.

कातरीनच्या मनात त्या क्षणी एक दार बंद झालं. आवाज न करता. माझा आवाज फाटला. हिला तो सोसवत नाही. म्हणून ही खाली जाऊन बसली.

ती पुन्हा गायली नाही.

दोघी एकाच घरात, एकाच ताटलीतल्या मिठासारख्या राहिल्या. एक पहाटे सोनचाफा खुडी, दुसरी केळीच्या पानात त्याचे पुडे बांधी. ते पुडे पहिल्या गाडीनं मुंबईला जात, आणि कुठल्या कुठल्या देवांच्या पायांवर वाहिले जात. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसून जपमाळ ओढीत. प्रेम कमी झालं नाही. फक्त त्याचा सूर गेला. मास्तर निवृत्त झाले, पेटीचा भाता फाटला, नळ्यांत पाकोळ्यांनी घरटी केली. माळ्यावर एक बारकी विजेची पेटी आली. मोठी पेटी मुकी झाली, आणि दोघी बहिणींच्या केसांत हळूहळू चुना उतरला.

कितीतरी वर्षं. कितीतरी दिव्यांचे सण. पहिली ओळ कुणीतरी गाई, ज्योत खाली उतरे, आणि अंधारात दोन बाकांवर दोन बायका आपापली मेणबत्ती पेटवून घेत. एकमेकींकडे न बघता.

देवळाला चारशे वर्षं झाली, आणि धर्मग्रामाचे फादर इनास हट्टाला पेटले. त्यांनी परदेशातून कारागीर आणले, नळे उतरवले, घासले, नवं कातडं घालून भाता शिवला. मग देवळाच्या कमानीवर फलक झळकला: आंतरराष्ट्रीय ऑर्गन संगीत-महोत्सव. माघातले शनिवार, सूर्यास्ताची वेळ.

आणि देशोदेशींचे हात त्या पेटीवर येऊन टेकले.

पहिल्या शनिवारी हंगेरीची एक सडपातळ बाई आली. तिच्या सुरांत हिम होतं. या गावानं कधी न पाहिलेलं, तरीही पापण्यांवर जाणवणारं. दुसऱ्या शनिवारी जर्मनीचा एक तरुण आला. त्यानं सुरांचे स्तंभ उभे केले, स्तंभांवर कमानी, कमानींवर घुमट. संपलं तेव्हा लोकांनी वर बघितलं, छप्पर जागेवर आहे ना म्हणून.

देवळाच्या पायऱ्यांवर मात्र गाव गावच होतं.

‘‘हंगेरीवालीचे बूट बघितलेस, नाताल? आली साध्या चपलांत, आणि वर जाऊन पिशवीतून वेगळेच बूट काढले. पायांनी वाजवते!’’

‘‘तिच्या पायांतून जेवढे सूर निघाले ना, तेवढे आपल्या गायनमंडळाच्या तोंडातून निघत नाहीत.’’

‘‘हळू बोल, मेले. माझी सून आहे त्यात.’’

‘‘म्हणून तर म्हणते.’’

कातरीन प्रत्येक शनिवारी पुढच्या बाकावर बसे, ताठ, डोळे मिटून. सेवरीन आत येत नसे. देवळासमोरच्या दगडी क्रूसाच्या ओट्यावर ती बसून राही. नवस हात न लावण्याचा होता, न ऐकण्याचा नव्हता. पण ऐकताना बोटं हलत, आणि हलणाऱ्या बोटांची तिला भीती वाटे.

‘‘बाहेर बसून कुणाच्या चपला राखतेस, देवदूतांच्या?’’ कातरीन येता येता म्हणे. विनोदाच्या पोटात एक बारीक काटा असे. सेवरीन हसे. काटा तसाच राही.

शेवटचा शनिवार सणाच्या आदल्या दिवशी येत होता. पोर्तुगालचे एक वृद्ध वादक यायचे होते, सिन्योर तेल्मो. त्यांनी कळवलं, शेवट तुमच्या गावाच्या गाण्यानं करू. लोक मेणबत्त्या घेऊन येऊ देत. फादर इनास कातरीनकडे आले.

‘‘पहिली ओळ तुम्ही गायला हवी, कातरीनबाय. आवाज कसाही असू दे. गावाला तुमचाच आठवतो.’’

कातरीननं अंगणाकडे बघितलं. ‘‘गाईन. पण पेटीवर सेवू हवी. तुमचे सिन्योर मोठे असतील, फादर, पण माझा श्वास त्यांना कळायचा नाही. ती बसत असेल तर मी गाते. नाहीतर नाही.’’

एवढंच. किती वर्षांनी तिनं काही मागितलं होतं. मागितलं तेही तिसऱ्या माणसाच्या ओंजळीतून.

फादर मागच्या पडवीत गेले. सेवरीन फुलांचे पुडे बांधत होती. निरोप ऐकला आणि तिच्या हातातला केळीचा बंद तुटला. आजवर न उघडलेलं ओठांतलं ते शिंपलं तिनं फादरांपुढे उघडलं, कारण पाद्र्यापुढे बोललेलं देवाच्याच कानात राहतं.

फादर म्हणाले, ‘‘हा नवस मी सोडवू शकतो. तो अधिकार चर्चनं मला दिलाय. बदल्यात दुसरं काही द्या, लहानसं. आजच सोडवतो.’’

‘‘देवानं त्याची बाजू पाळली, फादर.’’ तिचा आवाज पानावरच्या थेंबासारखा हलत होता. ‘‘बाय आत खोकतेय, ऐकलंत? ते खोकणंसुद्धा मी मागून घेतलेलं आहे. मी हात मागे घेतला, आणि त्यानंही घेतला तर?’’

‘‘देव असा दुकानदार नाही, सेवरीनबाय.’’

‘‘ते तुम्हाला ठाऊक. मला माझी भीती ठाऊक.’’

फादरांनी तिचं गुपित आपल्या झग्याच्या घडीत ठेवलं आणि कातरीनला फक्त एवढं सांगितलं, ‘‘त्या तयार नाहीत.’’

कातरीननं मान हलवली. तिला हेच अपेक्षित होतं. इतकी वर्षं हेच अपेक्षित होतं.

शनिवार आला. सूर्य दर्यात बुडताना देवळाच्या पश्चिम खिडकीतून केशर ओतत होता. देऊळ माणसांनी काठोकाठ भरलं. सिन्योर तेल्मोंची बोटं पट्ट्यांवर टेकली. त्यांच्या सुरांत जुनी बंदरं होती, निरोपांचे रुमाल होते, परत न आलेल्या गलबतांची नावं होती. लोक रडले, आणि का ते त्यांना समजलं नाही.

मग दिवे मालवले. वेदीवर एक ज्योत. सहस्र हातांत सहस्र मेणबत्त्या, न पेटलेल्या.

तेल्मोंनी दिव्याच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली.

आणि थांबले.

कुणी गायलं नाही. फादरांनी पुढच्या बाकाकडे बघितलं, गावानं बघितलं. ती ओळ कातरीनची आहे. एरवी ती दुसरं कुणी गाई, पण आज फादरांनी ती फक्त तिलाच मागितली होती; ती समोर असताना दुसऱ्यानं कशी उचलावी? कातरीनचे ओठ विलग झाले. पाठीमागे, वर, माळ्यावर कुणी परकं बसलं होतं. थोर, दयाळू, परकं. श्वास वर आला, कंठाशी आला, आणि तिथं कुणी वाट बघत नाही असं बघून परत गेला.

तेल्मोंनी ओळ पुन्हा वाजवली. अधिक हळू. अंधारात हात धरून उठवावं, तशी. पुन्हा थांबले. त्यांना रीत ठाऊक नव्हती. आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटलं.

बाहेर, क्रूसाच्या ओट्यावर, सेवरीन ते थांबणं ऐकत होती. सूर नव्हे, थांबणं. ते कुणासाठी आहे हे त्या सगळ्या गावात तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तिची बोटं गार दगडावर चालू लागली. दगड वाजला नाही.

तिसऱ्यांदा ती ओळ उठली, एकटी पुढे गेली, एकटीच गाणं संपवून आली. टाळ्या झाल्या. विजेचे दिवे लागले. लोक चाचपडत बाहेर पडले, हातांत कोऱ्या मेणबत्त्या घेऊन. पायऱ्यांवर आज कुणी विनोद केला नाही.

सगळ्यांत शेवटी कातरीन आली. ओट्याशी येऊन उभी राहिली. देवळाच्या दारातून येणारा उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर होता.

‘‘एवढा वाईट होता का गं माझा आवाज?’’

सेवरीननं वर बघितलं. ‘‘कुठला आवाज?’’

‘‘तापानंतरचा. तू उठून खाली गेलीस. आजतागायत वर आली नाहीस. मी म्हटलं, सेवूला लाज वाटते माझी. वाटू दे. लाज काय मागून येते? पण आज, सेवू, आज तरी...’’

आणि तेव्हा सेवरीनला दिसलं. आपल्या नवसाची दुसरी बाजू. इतकी वर्षं तिनं एकच बाजू बघितली होती, उजळ, माउलीकडे तोंड केलेली. दुसऱ्या बाजूला अंधारात एक बाई उभी होती, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून.

तिनं सांगितलं. सगळं. पुण्य सांडायचं तर सांडू दे म्हणून सांगितलं.

कातरीन ओट्यावर बसली.

‘‘नवसात आपलं द्यायचं असतं, सेवू,’’ ती म्हणाली. रागानं नाही, राग यायलाही उशीर झाला होता. ‘‘पेटी तुझी होती, कबूल. पण तू नुसती पेटी दिली नाहीस. माझा गळाही दिलास. मला विचारलं होतंस?’’

‘‘तू शुद्धीवर नव्हतीस, बाय.’’

‘‘नंतर आले होते.’’

दोघींच्या मधोमध ती सगळी वर्षं येऊन बसली. न गायलेले सण, न वाजलेल्या पहाटा, मिटल्या तोंडानं म्हटलेल्या जपमाळा. कुणाचीच चूक नव्हती असं म्हणता येईल. पण त्यानं एकही सण परत येणार नव्हता.

‘‘उद्या सणाचा मिस्सा आहे,’’ कातरीन म्हणाली. ‘‘फादरांकडून सोडवून घे. आणि बस पेटीवर.’’

‘‘आणि तुला काही झालं तर?’’

‘‘झालं तर माझ्या वयाला बोल लाव. माउलीच्या माथी मारू नकोस. आता माझ्या वयाची माणसं नवस मोडून मरत नाहीत, वाडीत घसरून मरतात.’’

सेवरीन रडता रडता हसली, आणि हसता हसता अधिकच रडली.

‘‘बोटं आता चालायची नाहीत, बाय.’’

‘‘माझा गळा तरी कुठं चालतोय? दोन्ही मोडक्या बसू या.’’ मग हात पुढे करून, ‘‘मला शब्द दे.’’

‘‘दिला.’’

‘‘आणि बदल्यात द्यायचं ते? फादर काय म्हणाले, लहानसं काही?’’

सेवरीनला सुचेना. तिनं पुन्हा स्वतःला चाचपून बघितलं, तेव्हासारखंच. आणि या वेळी तिला जे जे सापडलं, त्यात कुठं ना कुठं कातरीनचा वाटा होता.

‘‘चहा दे,’’ कातरीन म्हणाली. ‘‘पहाटेचा, आल्याचा. मी उठायच्या आत एकटीच ढोसतेस तो. तो मात्र तुझा एकटीचा आहे.’’

पहाट झाली. करडी, कोवळी, अजून नाव न ठेवलेली. कातरीन झोपली होती. सेवरीन तिच्या उशाशी आली, वाकली, श्वासावर कान धरला. आत, बाहेर. आत, बाहेर. भीती गेली नव्हती. भीती तिच्याबरोबरच उठली होती, तिच्याबरोबरच तिनं तोंड धुतलं होतं. पण शब्द दिलेला होता.

चहाचं पातेलं फळीवर पालथंच राहिलं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, पदर डोक्यावर घेतला, आणि बायची झोप मोडू नये म्हणून दाराची कडी दोन्ही हातांनी धरून, हळू, अगदी हळू, खाली सोडली.

देवळाकडची, फादरांकडची वाट खाडीकाठानं जाते. वाटेवर कुणी नव्हतं. आकाशाच्या कडेला चंद्राची झिजलेली कोर होती, आणि पायाखाली थंड वाळू. ती घाईनं चालत नव्हती, थांबतही नव्हती.

रात्रीच्या ओहोटीनं उघडी टाकलेली खाडी आता भरू लागली होती. पाणी येत होतं, बोभाटा न करता, बोटाबोटानं. चिखलात कुशीवर पडलेल्या होड्यांखाली ते शिरत होतं, त्यांना हलकेच खांदा देत होतं. आणि एक होडी हलली. मग दुसरी. मग आणखी एक. करड्या उजेडात, कुणी न बघता, एकेक करून, त्या सरळ होत होत्या.